वीस मिलिग्रॅमवरून झालेला वाद

अमेरिकेत येऊन मला १७ वर्षं झाली आणि या १७ वर्षांत "ताई, जरा हे रिपोर्ट बघा ना" असे मेसेज किती आले ते मी मोजलेले नाहीत. मी डॉक्टर नाही. शिकागोजवळच्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, कॅन्सरची औषधं मोजून, सलाईनच्या पिशवीत भरून, वर वॉर्डात पाठवायची हे माझं काम. पण वर्ध्याला आमच्या घरी, नातेवाइकांत, शेजारीपाजारी सगळ्यांना वाटतं की तिकडे काहीतरी नवीन निघालेलं असणार, आपल्याकडे यायला अजून वेळ लागेल, पण हिला आधी कळेल. कोणाला रक्ताचा कॅन्सर निघाला, कोणाच्या मुलाला सिकलसेल आहे, कोणाच्या सासूला स्तनात गाठ आहे, फोटो काढून पाठवतात आणि शेवटचा प्रश्न तोच असतो, तिकडे काय देतात?

काही वर्षांपूर्वी असेच रिपोर्ट माझ्या मामेभावाचे आले. वय ४६, नववीत असल्यापासून खर्रा. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देतात तो खर्रा, पानठेल्यावर मिळतो आणि आमच्याकडे पोरं दहावीच्या आधी सुरू करतात. गालाच्या आत कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, वर्षभर बरा होता आणि मग मानेत परत गाठ आली. नागपूरच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात सांगितलं की आता इम्युनोथेरपी, निवोलुमॅब नावाचं इंजेक्शन, २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, आणि एका वेळचा खर्च लाखाच्या वर. मामाचं सेलूकडे दीड एकर शेत आहे, ते विकायचं जवळजवळ ठरलं होतं. मग कोणीतरी म्हणालं की एकदा टाटाला दाखवून तर या, म्हणून सेवाग्राम एक्सप्रेसने दादरला उतरून परळला गेले. तिथे तेच औषध लिहून दिलं पण २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा, आणि सोबत गोळ्या, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब रोज.

वहिनीचा फोन आला तेव्हा इकडे रात्रीचे अकरा वाजले होते. ती रडत नव्हती, तिचा आवाज अगदी कोरडा होता. म्हणाली, "ताई, बारा पट कमी लिहिलंय. आम्ही गरीब दिसलो म्हणून का?"

या प्रश्नाने मला खूप दिवस सोडलं नाही आणि हे लिहिण्याचं कारणही तोच प्रश्न आहे. कारण घरच्या ग्रुपवर पुढचे आठ दिवस वाद झाला आणि तो वाद आमच्या घरापुरता नाही, मी तो नंतर कितीतरी ठिकाणी ऐकलाय. एक बाजू म्हणते कमी डोस म्हणजे गरिबांची समजूत काढायचं औषध, पैसेवाल्याला कोणी २० मिलिग्रॅम देईल का. दुसरी बाजू म्हणते डॉक्टर देव आहेत, प्रश्न विचारू नका. आणि तिसरी, ज्यात माझा पुण्याचा आतेभाऊ होता, तो म्हणाला की औषध परवडत नाही हा सरकारचा दोष आहे, पूर्ण डोस सरकारने द्यायला पाहिजे, कमी डोसवर संशोधन करणं म्हणजे त्या जबाबदारीतून सुटका करून घेणं. तिसरी बाजू मला सगळ्यात जड गेली, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

आधी २० मिलिग्रॅम कुठून आले ते. टाटातल्या कुमार प्रभाश, वनिता नोरोन्हा, विजय पाटील यांच्या टीमने डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर ट्रायल केली, २०२२ मध्ये ती छापून आली. सगळे असे पेशंट की ज्यांचा कॅन्सर पूर्ण बरा होण्याच्या पलीकडे गेलेला होता. अर्ध्यांना फक्त त्या तीन गोळ्या, अर्ध्यांना गोळ्या आणि २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, कोणाला काय ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका वर्षाने फक्त गोळ्यांवाल्यांपैकी १६.३ टक्के जिवंत होते आणि इंजेक्शनवाल्यांपैकी ४३.४ टक्के. मी हे आकडे त्या रात्री परत परत वाचले. या आजारात, या स्टेजला, एवढा फरक रोज दिसत नाही. आणि ही ट्रायल झाली तीच मुळी या कारणाने की पूर्ण डोस परवडणारे पेशंट भारतात शंभरात तीनसुद्धा निघत नाहीत. आपल्याकडे पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर तोंडाचा, आणि त्याचं चांगलं औषध शंभरातल्या सत्याण्णवांना मिळतच नसेल तर पाठ्यपुस्तकात पूर्ण डोस किती लिहिलाय याने त्यांना काय फरक पडतो.

पण वहिनीचा प्रश्न वेगळा होता, की बारा पट कमी औषध काम कसं करेल. मी फार्मसीतली असल्याने मला यातलं थोडं सांगता येतं. जुनी केमोची औषधं म्हणजे एका अर्थाने विषच, पेशी मारतात, म्हणून त्यांच्यात पद्धत अशी पडली की माणसाला झेपेल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायचा आणि तो द्यायचा. निवोलुमॅब तसं नाही. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या टी पेशी असतात, त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, कॅन्सर तो दाबून धरतो आणि हे औषध त्या ब्रेकवर जाऊन बसतं म्हणजे मग कॅन्सरला तो दाबता येत नाही. पंगतीत सगळी पानं वाढून झाली की भांड्यात उरलेल्या भाताने अजून कोणाचं पोट भरत नाही, तसंच, सगळ्या ब्रेकवर औषध बसलं की वरचं औषध रक्तात नुसतं फिरत राहतं. अगदी सुरुवातीच्या अभ्यासांमध्येच दिसलं होतं की खूप कमी डोसलाही जागा भरतात. तरी कंपनीने आधी वजनाप्रमाणे किलोला ३ मिलिग्रॅम आणि २०१६ पासून सरसकट २४० असं ठरवलं, कारण सरसकट डोस सोयीचा, वजन करा, गणित करा असं काही नको. सोय खरीच आहे, माझंच काम त्याने सोपं झालं. पण इथे तो एक डोस ७ हजार डॉलरच्या वर जातो, आणि ४५ किलोच्या बाईलाही तोच आणि १२० किलोच्या माणसालाही तोच.

हे मी वहिनीला सांगितलं. सोबत हेही सांगितलं, आणि हे सांगणं मला जरुरी वाटलं, की २० विरुद्ध २४० अशी समोरासमोर तुलना त्या ट्रायलमध्ये झालेली नाही. नुसत्या गोळ्यांपेक्षा गोळ्या आणि २० मिलिग्रॅम खूप चांगलं, एवढंच त्याने सिद्ध झालं. २४० ने अजून थोडा फायदा झाला असता का, याचं उत्तर त्यात नाही. ती म्हणाली मग? मी म्हटलं मग शेत विकू नका.

आता इकडचं सांगते, कारण घरच्यांच्या मनात अमेरिका म्हणजे जिथे डोस कधी कमी पडत नाही असं एक ठिकाण आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या फार्मसीत सिसप्लॅटिन संपत आलं होतं. सिसप्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन ही जुनी, स्वस्त, रोजच्या वापरातली केमोची औषधं, फुफ्फुस, गर्भाशय, अंडाशय, डोकं-मान सगळीकडे लागतात. अमेरिकेत येणाऱ्या सिसप्लॅटिनचा मोठा हिस्सा गुजरातमधल्या एका कारखान्यातून यायचा, २०२२ च्या शेवटी तिथे तपासणीत गंभीर चुका निघाल्या, उत्पादन थांबलं आणि काही महिन्यांत सगळा देश अडचणीत आला. मोठ्या कॅन्सर सेंटर्सचा सर्व्हे झाला तेव्हा ९३ टक्के ठिकाणी कार्बोप्लॅटिनचा तुटवडा होता आणि ७० टक्के ठिकाणी सिसप्लॅटिनचा. दर सोमवारी आमची मीटिंग व्हायची, किती बाटल्या आहेत, कोणाला द्यायच्या, ज्यांचा आजार बरा होऊ शकतो त्यांना आधी. आणि तेव्हा इथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांनी जे लेखी सल्ले पाठवले त्यात काय होतं, तर डोस जवळच्या बाटलीच्या मापाला खाली आणा, चालत असेल तिथे दोन डोसमधलं अंतर वाढवा, एका बाटलीत दोघांचं बसत असेल तर बसवा. मी तो कागद वाचत होते आणि मला परळ आठवत होतं. तोवर आमच्याकडे कोणी विचारलंच नव्हतं की किती पुरतं.

एरवी आम्ही काय करतो तेही सांगते. एका पेशंटसाठी बाटली फोडली आणि थोडं उरलं तर ते बहुतेक वेळा टाकून द्यायचं, नियम तसे आहेत. २०१६ मध्ये इथल्या संशोधकांनी हिशेब केला होता की कॅन्सरच्या २० औषधांच्या मोठ्या बाटल्यांमुळे एका वर्षात १.८ अब्ज डॉलरचं औषध उरतं. निवोलुमॅबची सगळ्यात लहान बाटली ४० मिलिग्रॅमची असते. म्हणजे माझ्या भावाचे दोन डोस. मी हातमोजे घालून हूडखाली काम करताना कधीकधी उरलेलं टाकते आणि माझ्या मनात गणित सुरू होतं, ते थांबवता येत नाही.

आणि पेशंट इथे सुखी आहेत असंही समजू नका. २०१३ चा एक अभ्यास आहे वॉशिंग्टन राज्यातला, कॅन्सर झालेल्या माणसाचं दिवाळं निघण्याची शक्यता कॅन्सर नसलेल्यापेक्षा अडीच पटीहून जास्त. औषध मंजूर करायला इन्शुरन्सवाले आठवडे लावतात, नवरा-बायको नोकरी सोडू शकत नाहीत कारण इन्शुरन्स नोकरीला बांधलेला. माझ्या ओळखीच्या एका शाळेतल्या शिक्षिकेसाठी आम्ही सगळ्यांनी ऑनलाइन वर्गणी काढली होती. फरक एवढाच की इथे पूर्ण डोस घेतल्यावर घर विकलं जातं आणि आपल्याकडे डोस घेण्याच्या आधी शेत.

डोस कमी करून बघण्याचं काम इकडेही चालू झालंय बरं का, आणि ते गरीब देशासाठी म्हणून नाही. शिकागो युनिव्हर्सिटीतच २०१८ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या अबिराटेरोन गोळीवर ट्रायल झाली, ७२ पेशंट, अर्ध्यांना उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम आणि अर्ध्यांना हलक्या नाश्त्यासोबत २५०, आणि परिणाम सारखाच आला, कारण अन्नासोबत ती गोळी जास्त शोषली जाते. एफडीएने, म्हणजे इथे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याने, २०२१ पासून कंपन्यांना सांगायला सुरुवात केली की सहन होईल तेवढा जास्तीत जास्त डोस आणून दाखवू नका, योग्य डोस शोधून आणा. सोटोरासिब नावाची फुफ्फुसाच्या कॅन्सरची गोळी त्याच वर्षी ९६० मिलिग्रॅमला मंजूर करताना २४० शी तुलना करायची अट घातली. तर वहिनीच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर.

पण मी इथे थांबले तर ते अर्धसत्य होईल. माझी एक शाळेतली मैत्रीण होती, सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या जन्मजात आजाराची, तिचं दुखणं उठलं की आठ-आठ दिवस शाळेत यायची नाही आणि बाई तिला आळशी म्हणायच्या. सिकलसेल पूर्व विदर्भात, गडचिरोलीत, तिकडे नंदुरबारात घरोघरी आहे. त्याच्यावर हायड्रॉक्सियुरिया नावाची जुनी स्वस्त गोळी आहे, तिने बाळपणातलं हिमोग्लोबिन, आईच्या पोटात असताना रक्तात असतं ते, परत वाढतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकायच्या कमी होतात. अमेरिकेत ती किलोला १५-२० मिलिग्रॅमपासून सुरू करून रक्ताचे रिपोर्ट बघत वाढवत नेतात. नागपूरच्या दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी त्रास जास्त असलेल्या मुलांना फक्त १०, न वाढवता, देऊन बघितलं, २०१२ मध्ये ते छापलं, आणि मुलांचं दुखणं खूप कमी झालं. न वाढवल्याने वारंवार रक्त तपासायची गरज कमी, आणि ज्या गावातून तपासणीला यायला दिवसाची मजुरी बुडते तिथे हे किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको. मला या कामाचा फार अभिमान होता, अजून आहे. पण मग २०२० मध्ये युगांडाच्या कंपालाची ट्रायल आली. तिथल्या १८७ मुलांमध्ये अर्ध्यांना ठरलेला डोस आणि अर्ध्यांना हळूहळू वाढवत नेलेला, आणि वाढवलेला डोस इतका सरस ठरला की ट्रायल वेळेआधी थांबवावी लागली. दुखणं कमी, रक्त चढवणं कमी, आणि साइड इफेक्ट जास्त नाहीत. आफ्रिकेतला सिकलसेल आणि आपला अगदी सारखा नाही, आपल्या बऱ्याच मुलांमध्ये ते बाळपणातलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, आणि कंपालातला कमी डोससुद्धा नागपूरच्या दुप्पट होता, तरी त्यातून मी एक गोष्ट शिकले ती ही की कमी पुरतं का, हे प्रत्येक औषधाला, प्रत्येक आजाराला, वेगळं विचारावं लागतं आणि उत्तर नाही असंही येऊ शकतं. म्हणून जेव्हा ऐकते की कोणी खाजगीत कुठल्याही कॅन्सरला निवोलुमॅबचा थेंब थेंब देतंय, डोक्या-मानेची ट्रायल दाखवून, तेव्हा मला भीती वाटते.

आता आतेभावाचा मुद्दा. तो म्हणतो पूर्ण उपचार हा हक्क आहे. आहेच. राज्याच्या महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत मदत आहे, ती चांगलीच आहे, पण लाखाचं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी म्हटलं की ५ लाख दोन-अडीच महिन्यांत संपतात. देशात २०२२ मध्ये साधारण १४ लाख नवे कॅन्सर पेशंट होते. सगळ्यांना कंपनीच्या डोसने द्यायचं म्हटलं तर कुठलं सरकार देईल? आणि गरजेपेक्षा बारा पट जास्त देण्यात हक्क कुठला आहे, जर ते खरंच जास्त असेल तर? सरकारकडून मी मागेन तर हे मागेन की अशा ट्रायलना पैसे द्या, २० विरुद्ध २४० ची समोरासमोर तुलना करा, कारण आपला खप अठरा पट कमी करणाऱ्या अभ्यासाला कुठली औषध कंपनी पैसे देणार आहे. (बारा नाही, अठरा, कारण अंतरही दोनचं तीन आठवडे झालंय.) हे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या हॉस्पिटलचंच काम आहे. टाटा १९६२ पासून अणुऊर्जा विभागाखाली आहे आणि तिथल्या लोकांनी हे ओळखलंय असं त्यांचं काम बघून वाटतं. टाटाच्याच सर्जन राजेंद्र बडवेंची ती ट्रायल बघा, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती साधं लिग्नोकेन टोचायचं, दात काढताना देतात ते, सात-दहा मिनिटं थांबायचं, मग कापायचं. जवळपास १६०० बायका, ११ हॉस्पिटलं, आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्या ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर. किंवा ओलान्झापिन, केमोनंतरच्या उलटीसाठी देतात. १० ऐवजी अडीच मिलिग्रॅमवर उलटी तेवढीच थांबते आणि दिवसा गुंगी कमी येते, हे २०२४ मध्ये टाटानेच दाखवलं. ज्या बाईला केमो घेऊन परत रेल्वेने गावी जायचंय तिच्यासाठी गुंगी न येणं काय असतं ते त्या गर्दीत उभं राहिल्यावरच कळतं.

आपल्या लोकांचा राग मला एका बाबतीत समजतो. ट्रायल म्हटलं की आमच्यावर प्रयोग नको हे पहिलं वाक्य येतं, आणि त्याला कारण आहे, २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या आदिवासी मुलींवरचा एचपीव्ही लशीचा अभ्यास थांबवावा लागला होता, संमतीपत्रं कशी घेतली होती ते बाहेर आल्यावर. त्यानंतर नियम बदलले, २०१९ चे नवे नियम आलेत, आणि प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, ती कोणालाही फोनवर उघडून वाचता येते. आणि दुसरीकडे २०२४ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर आलं की टाटाने शंभर रुपयाची गोळी काढली, कॅन्सर परत येणार नाही, तेव्हा त्याच लोकांनी ती बातमी मला दिवसातून सहा वेळा पाठवली. ते काम मुख्यतः उंदरांवरचं होतं. म्हणजे १५१ माणसांवर नीट तपासलेल्या औषधावर विश्वास नाही आणि उंदरांवरच्या बातमीवर आहे, आणि हा दोष मी लोकांना देत नाही, त्यांना समजेल असं कोणी बसून सांगतच नाही. परळला त्या डॉक्टरांसमोर शंभर-दीडशे पेशंट बसलेले असतात, ते किती सांगतील. वहिनीला दोन मिनिटं मिळाली होती. तिला वीस मिनिटं मिळाली असती तर गरीब दिसलो म्हणून का, हा प्रश्न तिने रात्री अकराला सातासमुद्रापलीकडे विचारला नसता.

माझा भाऊ १४ महिने जगला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्याच्या मुलीलाही सांगितलं, ती बारावी सायन्सला आहे आणि विचारत होती. त्यातले दहा महिने तो गिळू शकत होता, पोळा त्याने घरी केला, बैलांना स्वतः सजवलं. शेत अजून मामाच्या नावावर आहे, या वर्षी तूर लावलीय.

मागच्या आठवड्यात वहिनीचाच मेसेज आला, तिच्या माहेरच्या गल्लीतल्या एका काकूंचे रिपोर्ट. नागपूरला दाखवलंय, परळची तारीख मंगळवारची आहे. यावेळी तिने तिकडे काय देतात असं नाही विचारलं. तिने सीटीआरआयवरच्या एका पानाचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ताई, यात काकू बसतात का, आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणता येतं ना?

मी लिहिलं, येतं. सही करायच्या आधी मराठी कागद मागून घे.